लेस्टर बर्डेटचा लॅपटॉप निजत नाही

लेस्टर बर्डेटच्या लॅपटॉपला झोप लागत नव्हती.

झोप म्हणजे काही फार मोठी मागणी नव्हती. झाकण लावायचं, पंखा थांबायचा, कडेचा पांढरा दिवा मंदपणे उघडझाप करायचा, आणि पुन्हा झाकण उघडलं की जिथं काम सोडलं तिथून पुढे चालू. जगातले कोट्यवधी लॅपटॉप हे रोज करतात आणि त्याबद्दल कुणी त्यांना शाल-श्रीफळ देत नाही. लेस्टरचा लॅपटॉप मात्र झाकण लावलं की दोहोंपैकी एक काहीतरी करायचा. एक तर आत टक्क जागा राहून गुरगुरत बसायचा, नाहीतर असा झोपायचा की उठायचाच नाही. मग लेस्टर बटण दाबून धरायचा, त्याचा जीव घ्यायचा आणि त्याला पुन्हा जन्माला घालायचा. दिवसातून तीन-चार वेळा एखाद्याचा जीव घ्यायचा आणि परत द्यायचा म्हणजे माणसाला देव झाल्यासारखं वाटायला हवं. लेस्टरला फक्त रक्तदाबाची गोळी वाढवून मिळाली.

टास्मानियाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या गॅनेट हेड या गावात लेस्टरने उभी हयात विमा कंपनीत काढली होती. लोकांची जळालेली स्वयंपाकघरं आणि चेपलेल्या गाड्या बघायला जायचं, मान हलवायची आणि 'मालकाच्या निष्काळजीपणामुळे' असा शेरा मारून परत यायचं, हे त्याचं काम. निवृत्त झाल्यावर माणसं दारूकडे वळतात, देवाकडे वळतात किंवा गोल्फकडे वळतात. लेस्टर लिनक्सकडे वळला. संगणक चालवणारी ही प्रणाली फुकट होती, तिला कुणी मालक नव्हता, आणि चाललं नाही तर दोष आपलाच असतो हे तत्त्व त्याला व्यवसायामुळे पटण्यासारखं होतं.

अडचण एकच होती. ती म्हणजे त्याची बायको नोलीन. नोलीनकडे भरतकामाचं यंत्र होतं, आणि त्या यंत्राला नमुने पुरवणारा प्रोग्राम फक्त विंडोजवर चालायचा. त्यामुळे लॅपटॉपच्या डिस्कची वाटणी करावी लागली. ही वाटणी जेवणाच्या टेबलावर झाली आणि चार चुलतभावांमध्ये शेत वाटताना होतात ते सगळे प्रकार तिथं झाले. शेवटी अर्ध्यात लेस्टरचं लिनक्स आणि अर्ध्यात नोलीनचं विंडोज, असा एकाच घरात दोन चुलींचा संसार सुरू झाला. लॅपटॉप चालू केला की पडद्यावर विचारणा यायची, कुणाकडे जायचंय? पाच सेकंदांत सांगितलं नाही तर लॅपटॉप आपल्या मनाने जायचा.

"तुझ्या अर्ध्यामुळे माझ्या अर्ध्याला त्रास होता कामा नये," नोलीनने बजावलं होतं.

"नोलीन, लिनक्स हे अत्यंत सभ्य आहे," लेस्टर म्हणाला होता. आता त्या वाक्याबद्दल तो बोलत नाही.

हे सगळं चारचौघांच्या घरात असतं तसं कुरकुरत चालूही राहिलं असतं. पण मध्येच मेन्स शेडचं प्रकरण उभं राहिलं.

धक्क्यापाशी सफरचंदं भरण्याची एक जुनी शेड होती. नगरपालिकेने ती नाममात्र भाड्यावर गावातल्या निवृत्त पुरुषांना दिली होती. तिथं जाऊन ते रंधा मारायचे, खुर्च्या दुरुस्त करायचे, शाळेसाठी लाकडी घोडे करायचे आणि स्वतःसाठी शवपेट्या. हो, शवपेट्या. विकत घ्यायला गेलं की परवडत नाहीत आणि मोजमाप दुसऱ्याने घेतलेलं आवडत नाही. डग मॅकार्डल या निवृत्त वायरमनने तर आपली पेटी केव्हाच पूर्ण करून शेडच्या कोपऱ्यात उभी केली होती. तूर्त मरायचा बेत नसल्यामुळे आत फळ्या ठोकून तो त्यात बिअर ठेवायचा. शेडमुळे गावातले तीसेक नवरे सकाळी घराबाहेर पडत होते आणि गावातले संसार टिकून होते.

आता ही शेड पिकलबॉल क्लबला हवी होती. पिकलबॉल म्हणजे टेनिस खेळायला गुडघे नाहीत आणि टेबल टेनिस खेळायला लाज वाटते, अशांसाठी काढलेला मधला मार्ग. त्यांची अध्यक्ष टॅमसिन हेझलवुड, पन्नाशीची, उंच, घरातसुद्धा उन्हाची टोपी घालणारी बाई. तिने सरकारकडून अनुदान मंजूर करून आणलं होतं. अट एवढीच होती, की या महिन्याच्या सभेत नगरपालिकेने जागा द्यायला हवी. नाही दिली तर अनुदान गेलं.

शेडचा अध्यक्ष क्लाइव्ह टॅप्सेल. त्याने जन्मभर फेरीबोटीवर काम केलं होतं, त्यामुळे तो शेजारी बसलेल्या माणसाशीही दुसऱ्या बोटीवर असल्यासारखा बोलायचा.

"लेस्टर!" तो म्हणाला. "सभेत आपल्या बाजूने तू बोलायचंस!"

"मीच का?"

"तुझ्याकडे लॅपटॉप आहे! आणि तुला टाय बांधता येतो! आमच्यापैकी कुणाकडे दोन्ही नाही!"

लेस्टरने आढेवेढे घेतले, पण आतून तो सुखावला. त्याने घरी बसून छायाचित्रांची एक मालिका तयार केली. लाकडी घोडे, शाळेतली पोरं, विधवांच्या घरची दुरुस्त केलेली फाटकं, पेटीत हात छातीवर ठेवून पडलेला आणि एक डोळा किलकिला करून कॅमेऱ्याकडे बघणारा डग. प्रत्येक चित्राला तो काय बोलणार हे त्याने ठरवलं होतं. आयुष्यभर त्याने लोकांना पैसे का मिळणार नाहीत हे सांगितलं होतं. एखादी गोष्ट लोकांना मिळावी म्हणून बोलायची ही त्याची पहिलीच वेळ होती.

फक्त लॅपटॉप झोपायला हवा होता. म्हणजे घरी सगळं मांडून ठेवायचं, त्याला निजवायचं, सभेत नेऊन उठवायचं, की लगेच पहिला घोडा पडद्यावर. तिथं लॅपटॉप चालू होईपर्यंत गोगलगायीच्या चालीने फिरणारं चक्र लोकांना दाखवत बसणं त्याच्या प्रतिष्ठेला शोभणार नव्हतं.

त्याने आधी लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीला फोन लावला. बराच वेळ बासरी ऐकल्यावर एक मुलगी बोलली.

"सर, आपण यंत्रात काही बदल केलेत का?"

"बदल असा नाही. लिनक्स टाकलंय."

पलीकडचा आवाज एकदम दुखवट्याचा झाला. "सर, मग हे मालकाच्या हस्तक्षेपामुळे झालंय. आमची जबाबदारी संपते."

लेस्टरने फोन ठेवला. नोलीन म्हणाली, "काय म्हणाली रे ती?" तो म्हणाला, "माझंच वाक्य म्हणाली." त्या दिवशी जळालेली कित्येक स्वयंपाकघरं त्याच्या डोळ्यांपुढून गेली.

मग सल्ले सुरू झाले. कुठलंही यंत्र बिघडलं की त्यातलं ज्याला सगळ्यात कमी कळतं तो सगळ्यात आधी बोलतो. डग म्हणाला, अर्थिंग नाही. डगच्या मते घटस्फोटसुद्धा अर्थिंग नसल्यामुळे होतात. क्लाइव्ह म्हणाला, "एक सणसणीत ठोसा दे! आमच्या बोटीचं रडार तसंच चालायचं!" बोट एकदा वाळूत रुतली होती ती याच रडारवर, हे त्याने सांगितलं नाही, ते गावाला माहीत होतं.

कुंपणापलीकडच्या व्लाहोविचबाईंनी तर कुंपणावरून वाकून लॅपटॉपच्या पोटाला हात लावला. त्या चाळीस वर्षांपूर्वी झाग्रेबहून आल्या होत्या आणि तेव्हापासून गावातल्या प्रत्येकाला जरा अशक्त समजत होत्या.

"ताप आहे याला," त्या म्हणाल्या. "गार कर. तापलेलं लेकरू झोपेल कसं?"

"बाई, हे यंत्र आहे."

"यंत्र काय, नवरा काय. सारखंच. बर्फावर ठेव."

लेस्टर सुशिक्षित माणूस होता, म्हणून त्याने बर्फावर ठेवला नाही. त्याने तो गोठवलेल्या मटारांच्या पिशव्यांवर ठेवला. लॅपटॉप गार झाला, पण झोपला नाही. मटार मात्र वितळले. पुढचे काही दिवस बर्डेटांच्या घरी मटारचं सूप, मटारचा रस्सा आणि एकदा मटारचं सँडविच झालं. नोलीन प्रत्येक वेळी ताट ठेवताना "लिनक्सच्या कृपेने" एवढंच म्हणायची.

शेवटी लेस्टर इंटरनेटवरच्या लिनक्सवाल्यांच्या चावडीला शरण गेला. त्याने सविस्तर, सभ्य भाषेत आपली व्यथा मांडली. पहिलं उत्तर आलं, 'हा प्रश्न पूर्वी विचारला गेला आहे.' दुसरं उत्तर आलं, 'तुम्ही चुकीचं लिनक्स वापरता.' तिसऱ्याने दुसऱ्याच्या आईबद्दल काहीतरी लिहिलं आणि दोघांची जुंपली. त्या धुमश्चक्रीत कुणीतरी एक ओळ सांगून गेलं, ही लॅपटॉप सुरू होतानाच्या आज्ञेत घाला म्हणजे गाढ झोप लागेल.

लेस्टरने ती ओळ घातली. लॅपटॉप खरोखर गाढ झोपला. उठला तेव्हा सुरुवातीच्या विचारणेतून विंडोज नाहीसं झालं होतं.

"माझे कूकाबुरा कुठं आहेत?" नोलीनने विचारलं. शेतकी प्रदर्शनासाठी ती उशांच्या अभ्र्यांवर कूकाबुरा पक्षी भरत होती. त्यांतले निम्मे शेपटीवाचून बसले होते आणि शेपट्या विंडोजमध्ये होत्या.

"आहेत गं. फक्त दिसत नाहीत."

"लेस्टर, मी त्रेचाळीस वर्षं तुझ्या बऱ्याच गोष्टींबद्दल हेच ऐकतेय."

दोन दिवस खटपट करून त्याने विंडोज परत आणलं. पण येताना त्याने घड्याळाचा गोंधळ आणला. लिनक्स घड्याळ ग्रिनिचप्रमाणे लावायचं, विंडोजला ते टास्मानियाचं वाटायचं, आणि दोघांमध्ये दहा तासांचा फरक पडायचा. नोलीनच्या दुपारच्या भरतकामाच्या वर्गाची घंटा भर मध्यरात्री वाजली. लॅपटॉप झोपत नव्हताच, त्याने आता घरातल्यांनाही झोपू द्यायचं नाही असं ठरवलेलं दिसत होतं. त्यानंतर नोलीनने विंडोजमधल्या कुठल्याही सूचनेला हात लावणं सोडून दिलं. अद्ययावत करू का, असं ते अदबीने विचारायचं. ती 'नंतर' दाबायची. महिनोन्महिने नंतर.

सभेच्या आठवड्यात चावडीवरच्या एका फिनलंडच्या माणसाला लेस्टरची दया आली. त्याने लिहिलं, झाकणाचा नाद सोड. झाकण लागलं तरी काही करू नकोस असं लॅपटॉपला सांगून टाक, आणि निजवायचं असेल तेव्हा मेन्यूतून निजव. लेस्टरने तसं केलं. मेन्यूतून निजवलं, दिवा मंदपणे उघडझाप करू लागला. उठवलं, घोडा हजर! पुन्हा निजवलं, पुन्हा उठवलं, घोडा! त्याने नोलीनला बोलावून घोडा दाखवला, व्लाहोविचबाईंना कुंपणावरून दाखवला. बाई म्हणाल्या, "मटारांचा गुण आहे."

सभेच्या दिवशी लेस्टरने निळा टाय बांधला, लॅपटॉप निजवला, झाकण लावलं, पिशवीत घातला, शेजारी चार्जर आणि बिनवायरीचा माउस ठेवला, आणि बेकरीत स्कॅलप नावाच्या शिंपल्यांचं एक गरम पॅटिस खाऊन पायीच नगरपालिकेकडे निघाला. कुठंही न थांबता, छाती पुढे काढून. पिशवी मांडीवर आपटत होती.

सभागृहात क्लाइव्ह, डग आणि शेडची अर्धी फौज आधीच येऊन बसली होती. लेस्टरने पिशवी उघडली आणि हात आत घालून झटकन बाहेर काढला. लॅपटॉप बेकरीतल्या पॅटिसपेक्षा गरम होता. तो वाटेत कधीतरी जागा झाला होता आणि मुकाट्याने पिशवीत शिजत बसला होता. बॅटरीत जेमतेम धुगधुगी होती.

"काही हरकत नाही," लेस्टर स्वतःशी म्हणाला. "चार्जर आहे."

तो भिंतीतल्या प्लगपाशी वाकला, तोच मागून आवाज आला, "तपासणीची चिठ्ठी कुठाय?"

सभागृहाच्या सुरक्षिततेचा अधिकारी ट्रॉय पेनिकेट उभा होता. सार्वजनिक इमारतीत जी विजेची वस्तू लावायची तिच्या वायरीवर तपासणीची रंगीत चिठ्ठी हवी, हा नियम. लेस्टरच्या चार्जरवर नव्हती.

"अहो पेनिकेट, हा माझ्या घरचा चार्जर आहे. मी रोज वापरतो."

"घरी जळा, बर्डेट. इथं नाही."

डग पुढे झाला. खिशातून त्याने चिठ्ठ्यांचा अख्खा गुंडाळा काढला. "आण इकडे, मी तपासून चिठ्ठी लावतो. हयात गेली माझी."

"डग, तुझा परवाना कधीच संपलाय," ट्रॉय म्हणाला. "तू चिठ्ठी लावलीस तर मला तुला एक लावावी लागेल. वापरास अयोग्य म्हणून."

शेडच्या फौजेतूनच कुणीतरी खिदळलं. डगने त्या दिशेला असं पाहिलं, की त्या माणसाच्या पेटीला लागणारे खिळे आता त्याला स्वतः विकत आणावे लागणार हे सगळ्यांना कळलं.

सभा सुरू झाली. महापौर फिलिपा ओट्स या वेळेच्या बाबतीत कडक होत्या, कारण सभेनंतर लगेच सभागृहात लाइन डान्सिंगचा, म्हणजे रांगेत उभं राहून नाचायचा, वर्ग असायचा आणि त्या बायकांना नगरपालिका घाबरून असायची. टॅमसिन हेझलवुड आधी बोलली. कागद नाही, यंत्र नाही, टोपी डोक्यावर. पिकलबॉलने हाडं मजबूत होतात, अनुदान तयार आहे, आज हो म्हणा. बसली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लेस्टरने टाय सरळ केला.

"श्री. बर्डेट," महापौर म्हणाल्या.

लेस्टर उठला, लॅपटॉप पडद्याला जोडला, झाकण उघडलं. भिंतीएवढा घोडा झळकला. "सन्माननीय महापौर," तो म्हणाला, आणि घोडा विझला. बॅटरी संपली होती.

"तुम्ही नुसतंच बोला ना," महापौर म्हणाल्या.

"मॅडम, चित्रांशिवाय माझ्या बोलण्याला अर्थ नाही. चित्रांसहसुद्धा फार आहे असं नाही." हे त्याला म्हणायचं नव्हतं, पण म्हणून झालं.

एका नगरसेविकेने पर्समधून आपला चार्जर काढला. त्यावर हिरवी चिठ्ठी होती आणि तो लागतही होता. ट्रॉयने चिठ्ठी उजेडात धरून वाचली आणि नाइलाजाने मान हलवली. लेस्टरने बटण दाबलं. पडद्यावर विचारणा आली, लिनक्स की विंडोज? आणि नेमका त्याच क्षणी डग "बघू बघू" करत लेस्टर आणि लॅपटॉप यांच्यामध्ये घुसला. त्याला बाजूला ढकलेपर्यंत पाच सेकंद उलटले होते.

लॅपटॉप नोलीनकडे गेला. नोलीनने महिनोन्महिने 'नंतर' म्हटलेलं सगळं तिथं दबा धरून बसलं होतं. भिंतीएवढ्या निळ्या पडद्यावर अक्षरं उमटली: अद्ययावत होत आहे. दोन टक्के. यंत्र बंद करू नका.

पंचवीस-तीस माणसं एका आकड्याकडे बघत होती. आकडा हलत नव्हता.

टॅमसिन उभी राहिली. तिला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. "मॅडम, वेळ जातोय, मतदान घेऊन टाकू." महापौरांनी हातोडी उचलली, क्लाइव्हने डोळे मिटले, आणि शेड गेलीच होती. पण बोलता बोलता टॅमसिनची नजर लॅपटॉपच्या झाकणावरच्या पेंग्विनच्या, म्हणजे लिनक्सच्या खुणेच्या, चिकटचित्रावर पडली.

"दोन्ही टाकलंयस?" तिने लेस्टरला विचारलं. "लिनक्स कुठल्या वाणाचं?"

लेस्टरने सांगितलं.

टॅमसिनचा चेहरा असा झाला, की जणू त्याने तिच्या घरचं दूध रात्रभर फ्रीजबाहेर ठेवलंय. "ते? अरे देवा. म्हणूनच झोपत नाही."

"झोपत नाही हे तुला कसं कळलं?"

"त्या वाणाचं कधीच झोपत नाही. मी आठ वर्षं सहन केलं. झाकण?"

"झाकणाकडे दुर्लक्ष करायला सांगितलंय."

"कुणी सांगितलं?"

"फिनलंडच्या एकाने."

"त्याला झाकणातलं काय कळतंय!" असं म्हणून टॅमसिनने टोपी काढली, जी गावाने तिच्या डोक्यावरून उतरलेली कधीही पाहिली नव्हती, आणि ती लॅपटॉपसमोर गुडघ्यांवर बसली.

"हेझलवुडबाई, मतदान..." महापौर म्हणाल्या.

"एक मिनिट, मॅडम!"

त्या एका मिनिटात सगळं बिनसलं. एक नगरसेवक म्हणाला, माझ्या मेहुण्याचंही असंच व्हायचं. दुसरा म्हणाला, वायर उलटी लावा. चार्जरवाली नगरसेविका आपला चार्जर गरम झाल्याचं सांगत खाली वाकली. ट्रॉय पेनिकेट टेबलाखाली शिरून वायरीची चिठ्ठी पुन्हा वाचू लागला. टॅमसिन हाताला लागेल ते खेचून बघत होती, हे काढ, ते काढ. पडद्याची वायर तेवढी लेस्टरने दोन्ही हातांनी धरून ठेवली. "ठोसा द्या!" क्लाइव्ह मागून ओरडला, आणि सभागृहाच्या खिडक्या थरथरल्या.

"तू त्या वाणाच्या एवढा नादी का लागलास?" टॅमसिन विचारत होती. "माझ्याकडचं घे. मी येऊन टाकून देते."

"तुझ्या वाणाला साधा प्रिंटर ओळखता येत नाही."

"प्रिंटर? तू अजून छापतोस?"

"माणसाने छापू नये?" लेस्टरचा टाय पाठीवर गेला होता. "तुझ्याकडे घोडे आहेत का दाखवायला? घोडे? माणसं? त्या पेटीत एक माणूस जिवंत पडलाय, तो दाखवायला आलोय मी!"

"कुठल्या पेटीत?" महापौर घाबरून म्हणाल्या.

"माझ्या, मॅडम," डग नम्रपणे म्हणाला.

छत्तीस टक्के. सगळे एकदम "आ!" म्हणाले. महापौर स्वतःही उतरून पुढे आल्या होत्या आणि त्यांनी चष्मा लावला होता. एकोणचाळीस. कुणीतरी पैज लावली. लेस्टरला मध्येच भान आलं, की इतके लोक आयुष्यात कधी त्याच्याभोवती जमले नव्हते, आणि त्यातला एकही शेडचा विचार करत नव्हता.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. टाचांचे बूट खाडखाड वाजवत लाइन डान्सिंगच्या बायका आत आल्या. पुढारी बाईने भिंतीवरचं घड्याळ दाखवलं. तेवढं पुरलं.

"सभा तहकूब," महापौर चष्मा काढत म्हणाल्या. "शेडचा विषय पुढच्या सभेत."

"पुढच्या महिन्यात?" टॅमसिन टेबलाखालून म्हणाली.

"पुढच्या महिन्यात निवडणूक आहे. नवी पालिका बसेल तेव्हा."

टॅमसिन बाहेर आली. केस विस्कटलेले, गालाला धूळ. "पण आमचं अनुदान आजपर्यंतच..."

"हेझलवुडबाई, मी हातोडी उचलली होती. तुम्ही म्हणालात, एक मिनिट."

सगळे बाहेर पडत असताना भिंतीवर शंभर टक्के झाले आणि विंडोज उघडलं. शेपटी नसलेला एक प्रचंड कूकाबुरा सभागृहाकडे रोखून बघू लागला. लाइन डान्सिंगच्या बायकांनी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या.

पबमध्ये क्लाइव्हने लेस्टरच्या पाठीवर रडारला द्यायचा तसा तडाखा दिला. "लेका! काय डोकं आहे तुझं! मी म्हणत होतो हा भाषण करून आपल्याला बुडवणार! आणि याने बैठकच बुडवली!"

"क्लाइव्ह, ते मुद्दाम नव्हतं. माझ्याकडे सगळी चित्रं तयार होती. विधवांच्या फाटकांचं..."

"मुद्दाम नव्हतं म्हणतोय!" क्लाइव्हने सगळ्या पबला सांगितलं, आणि सगळा पब हसला. डगने त्याला आपल्या पेटीतली बिअर देऊ केली, जो मान त्याने आजवर कुणाला दिला नव्हता. लेस्टर हसला नाही. तो पहिल्यांदाच लोकांसाठी बोलायला उभा राहिला होता आणि त्याला भाषणातले दोनच शब्द बोलता आले होते, तेही महापौरांचे.

घरी गेल्यावर त्याने लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि सवयीने मेन्यूतून निजवला. निजला. सकाळी उठवला. उठला. पिशवीत घालून बेकरीपर्यंत नेऊन आणला. थंडगार, गाढ झोपेत. लेस्टरला विश्वास बसेना. त्याने पुन्हा झाकण लावून नेला, गाडीतून नेला, एकदा तर पिशवी हातात धरून अंगणात उड्या मारल्या. व्लाहोविचबाईंनी कुंपणावरून बघून मान डोलावली. लॅपटॉप लेकरासारखा झोपत होता.

त्याचं कारण असं होतं. बिनवायरीच्या माउसचे संदेश घेणारा नखाएवढा तुकडा लॅपटॉपला कायम लावलेला असायचा. माउस पिशवीत हलला, की लॅपटॉपला वाटायचं बोलावणं आलं, आणि तो उठून बसायचा. झाकणाकडे दुर्लक्ष करायला सांगितल्यामुळे पुन्हा झोपायचं त्याला सुचायचं नाही. सभागृहात खेचाखेचीत टॅमसिनने तो तुकडा काढला आणि आपल्या खिशात टाकला. अजून तो तिच्या खेळायच्या पँटीत आहे आणि दर आठवड्याला धुतला जातो. हे लेस्टरला माहीत नाही; माउस बिचारा म्हातारपणाने गेला असं तो समजतो. कृपा करून तुम्हीही सांगू नका, कारण त्याने त्याचं श्रेय फिनलंडच्या माणसाला देऊन त्याला लांबलचक आभारपत्र पाठवलं आहे.

निवडणूक होऊन गेली, आणि तो अजून आनंदात असतानाच क्लाइव्हचा फोन आला. नोलीनला तो स्वयंपाकघरातून ऐकू आला.

"लेस्टर! नवी पालिका बसलीय! त्या पिकलबॉलवालीने नवं अनुदान आणलंय! पुढच्या सोमवारी सभा! तूच बोलायचंस!"

लेस्टरचा चेहरा उजळला. "नक्की. आणि या वेळी लॅपटॉपही अगदी ठणठणीत..."

"काय?" क्लाइव्ह किंचाळला. "ठणठणीत? लेस्टर, तोच लॅपटॉप आणायचा, आणि तसाच आणायचा! ती शेड आपली राहायची असेल तर खबरदार तो चालला तर!"

त्या दुपारी लेस्टर जेवणाच्या टेबलाशी बसला. त्याने ती गाढ झोपेची ओळ काढून टाकली. लॅपटॉप झोपला आणि उठला. त्याने ती दोनदा घातली. झोपला आणि उठला. झाकणाच्या सगळ्या सूचना उलट्या केल्या, मटारांच्या पिशव्या आणल्या, शेवटी इकडेतिकडे बघून क्लाइव्हचा ठोसासुद्धा दिला. पांढरा दिवा शांतपणे उघडझाप करत राहिला. झाकण उघडलं की पहिला घोडा टवटवीत हजर.

नोलीन अभ्र्यावरची शेपटी भरत दारात येऊन उभी राहिली. "काय चाललंय?"

"बिघडवतोय," लेस्टर घाम पुसत म्हणाला. "बिघडतच नाही गं."

नोलीनने सुई दातांत धरली, दोरा ताणला आणि तोडला.

"त्यात काय एवढं," ती म्हणाली. "नेहमीसारखा दुरुस्त करायला घे."